नागीण उतरली खरी, पण कुणी उतरवली?

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या सासूबाईंना, वय ६८, कमरेच्या उजव्या बाजूला नागीण उठली. कळव्याच्या एका मावशींनी तीन संध्याकाळी येऊन ती मंतरली, वरून गेरूचा लेप दिला आणि पंधरा-वीस दिवसांत सगळं सुकलं. घरात जो तो म्हणतोय, चमत्कार झाला. आठवीतल्या नातवाने शाळेत नुकतंच विषाणूंबद्दल वाचलंय, तो आईला विचारतोय, "आजी खोटं बोलते का?" ताईंना पुढचं हवंय. देव मानायचा आणि विज्ञानही मानायचं, हे एका घरात जमतं का? की आपण पोराला एक शिकवतोय आणि वागतोय भलतंच?

ताई, मी ठाण्याच्या नौपाड्यात एकतीस वर्षं दवाखाना चालवतोय. त्याआधी चार वर्षं मुरबाड तालुक्यात होतो. त्यामुळे मावशी, भगत, बाबा, अंगारे, गंडे यांच्याशी माझा परिचय तुमच्याहून जुना आहे.

आधी नातवाचं उत्तर. नाही, आजी खोटं बोलत नाही. फोड आले, मावशी आल्या, त्यांनी मंतरलं, फोड गेले. या चारही गोष्टी खऱ्या आहेत. फक्त शेवटच्या दोहोंच्या मध्ये आजी "त्यानंतर" म्हणण्याऐवजी "म्हणून" म्हणते. माझ्या धंद्यातली निम्मी भांडणं या एका शब्दापायी झाली आहेत.

नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू मात्र अंगातून जात नाही. मणक्यालगतच्या नसेच्या गाठीत तो चाळीस-पन्नास वर्षं गुपचूप पडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की तो त्या एका नसेतून खाली येतो आणि ती नस जेवढी कातडी सांभाळते तेवढ्याच पट्ट्यावर फोड उठतात. उजवी नस उजव्या बाजूपुरती, डावी डाव्या. मधली रेघ सहसा ओलांडली जात नाही. आपल्याकडची जुनी भीती तुम्हाला ठाऊक असेल, नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं, कमरेला पुरता वेढा पडला की माणूस संपला. पण एका बाजूच्या नसेला दुसरीकडे जायला वाटच नाही. जो वेढा मुळात पडणार नव्हता, तो अडवल्याचं श्रेय पिढ्यान्‌पिढ्या मंत्राला मिळत आलंय. फोड सात-दहा दिवसांत खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी निवते. गेरू लावा, लाल चंदन लावा, काहीच लावू नका. आपला आपण बरा होणारा आजार म्हणजे मंत्र घालणाऱ्याला सोन्याची खाण.

मग डॉक्टर कशाला? पहिल्या बहात्तर तासांसाठी. विषाणूवरच्या गोळ्या फोड दिसल्यापासून तेवढ्या वेळात सुरू झाल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. दुखणं कमी राहतं, फोड लवकर सुकतात. नागीण कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असेल तर डोळा धोक्यात असतो, तिथे तर एक दिवसही घालवू नये.

माझ्याच आईची गोष्ट सांगतो. १९९६ साली तिला गावी नागीण झाली आणि तिने मला मुद्दाम कळवलं नाही, मुलगा डॉक्टर आहे, चिडेल म्हणून. एका नात्यातल्या बाईंनी मंतरलं. फोड सुकले, तिने नारळ दिला, विषय संपला. पण नस होरपळली होती. पुढे दोन वर्षं तिला कमरेला लुगड्याची गाठ सहन होत नव्हती. गाठ डावीकडे सरकवून बांधायची, मध्येच सोडायची, पुन्हा बांधायची. सुती कापडाचा नुसता स्पर्श तिला निखाऱ्यासारखा लागायचा. आणि एवढं होऊनही ती शेवटपर्यंत म्हणत राहिली की नागीण त्या बाईंनीच उतरवली, "दुखणं काय, माझं वय झालं." मी कधी वाद घातला नाही. कशाला घालायचा?

वाद घालण्याची हौस मी आधीच फेडून घेतली होती असं वाटायचं, पण ती पुरती फिटली १९९८ च्या पावसाळ्यात. वागळे इस्टेटच्या एका चाळीतून एक सासू आपल्या सुनेला घेऊन आली. मुलगी सातव्या महिन्यात, डोळे हळदीसारखे पिवळे, गळ्यात कावीळ उतरवायची काड्यांची माळ. ही माळ तुम्ही पाहिली असेल. गळ्यात घालताना आखूड असते, मग रोज लांब होत जाते, पोटाशी आली की कावीळ उतरली म्हणायचं. यातली युक्ती सोपी आहे. काड्या ओल्या असताना दोऱ्याचे वेढे घट्ट बसलेले असतात. काड्या वाळून बारीक झाल्या की वेढे सैल पडतात आणि सुटलेला दोरा लांबीत मिळतो. माळ खुंटीला अडकवली तरी ती लांबणार.

हे सगळं मी त्या सासूला तारस्वरात समजावलं. मी तेव्हा चौतीस वर्षांचा, जिभेला हाड नसलेला. "हा काडीकचरा आधी काढा, मग माझ्याकडे या," असं म्हणालो. दवाखान्यात आणखी पाच-सहा माणसं बसली होती, त्यांतला एक हसला. सासू काही बोलली नाही. सुनेचा पदर सारखा केला आणि तिला घेऊन निघून गेली. चार दिवसांनी रिक्षात घालून आणली तेव्हा मुलगी बरळत होती. दूषित पाण्यातून पसरणारी, ई प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती दर पाच जणींमागे एकीचा जीव घेऊ शकते. मी मोठ्या रुग्णालयात पाठवली. ती गेली आणि बाळही गेलं.

आधी दाखल झाली असती तर वाचलीच असती, असं छातीठोक म्हणवत नाही. पण त्या चार दिवसांचा हिशेब मी माळ देणाऱ्याच्या नावावर लिहीत नाही, माझ्या नावावर लिहितो. माळेने तिचं काही बिघडवलं नव्हतं. गळ्यात माळ असतानाही रक्त तपासता येतं आणि सलाईन लावता येतं. मला हे तेव्हा सुचलं नाही, कारण मला कावीळ दिसत नव्हती, फक्त माळ दिसत होती.

त्यानंतर मी पद्धत बदलली. कावीळवाल्यांचा दुसरा प्रकार म्हणजे हात धुऊन कावीळ काढणं. चुन्याच्या निवळीत रोग्याचे हात बुडवून चोळायचे, पाणी पिवळंजर्द होतं, "बघा, निघाली." आमच्या कंपाउंडरने ही विद्या घरी बसून शिकून घेतली. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला फासायचा, वाळू द्यायचा, मग निवळीत हात घालायचे. आता असं कुणी आलं की मी त्यांना काही सांगत नाही. मी स्वतःचे हात धुऊन दाखवतो. माझं पाणीही पिवळं होतं. मग म्हणतो, "मला तर कावीळ नाही. मग हे काय निघालं?" बहुतेक जण हसतात. एखादा गंभीर होतो आणि विचारतो, "म्हणजे ते पैसे घेतात ते कशाचे?" पावसाळ्यात ताप आणि कावीळ एकत्र आली तर लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून पसरणारा ताप, असू शकतो, म्हाताऱ्या माणसाला न दुखता कावीळ वाढत गेली तर पित्तनळीत गाठ असू शकते. मला एवढंच हवं असतं, की त्यांनी रक्त आणि सोनोग्राफी याच आठवड्यात करावी. पिवळं पाणी नंतरही बघता येईल.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. विज्ञान चमत्कार नाकारतं का?

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. माझा दवाखाना नवा होता आणि त्या दिवशी सकाळी एकही पेशंट नाही, कारण अख्खं ठाणं पेला-चमचा घेऊन रांगेत उभं होतं. गणपती दूध पीत होता. तलावपाळीपासून आतल्या गल्ल्यांपर्यंत जिथे मूर्ती तिथे रांग. दुपारी मीही चमचा धरला. दूध गेलं हो! चमच्याच्या कडेवरचा दुधाचा फुगवटा दगडाला टेकला की पृष्ठताणामुळे ओढला जातो आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतो. पांढरा थर ओल्या दगडावर दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवला तेव्हा तो ओघळ सगळ्यांना दिसला. नातवाला हे घरी करून बघू द्या, पण एक अट घाला. आधी त्याने लिहून ठेवायचं की काय होईल, मग चमचा टेकवायचा. नंतर लिहिलं तर प्रत्येकाचंच बरोबर येतं.

पण सगळेच चमत्कार चमच्याएवढे सोपे नसतात, हेही मी कबूल करतो. माझ्या पाहण्यात अशी दोन-तीन माणसं आहेत ज्यांचं बरं होणं मला आजही समजलेलं नाही. मूत्रपिंडाचा कर्करोग आणि लहान बाळांतल्या एका प्रकारच्या गाठी क्वचित, फार क्वचित, उपचाराविना विरतात, हे वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. अशा वेळी काय करायचं याचा मला सर्वांत आवडणारा नमुना न्यूयॉर्कचा आहे. विल्यम कोली नावाचा तरुण सर्जन जुनी कागदपत्रं चाळत होता. त्यात एका माणसाच्या मानेवरच्या गाठीची हकीकत सापडली. पुन्हा पुन्हा कापूनही ती वाढत होती. मग त्याला त्वचेचा जोरदार जंतुसंसर्ग झाला, ताप भरला आणि गाठ नाहीशी झाली. कोलीला तीनपैकी काहीही करता आलं असतं. थाप म्हणून कागद बाजूला ठेवायचा, देवाची करणी म्हणून हात जोडायचे, किंवा त्या माणसाचा पत्ता शोधायचा. तो शहराच्या वस्तीत हिंडला आणि त्या तापानंतर सुमारे सात वर्षांनी त्याने तो माणूस जिवंत, धडधाकट शोधून काढला. १८९१ पासून त्याने मुद्दाम जंतू टोचून उपचार सुरू केले. काही बरे झाले, काही त्या जंतूंनीच गेले, लोकांनी त्याला वेड्यात काढलं. पण शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडता येते, हा धागा तिथून पुढे आला आणि त्याच वाटेवरच्या कामाला २०१८ साली ॲलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळालं. चमत्कार दिसला की त्याचा पत्ता विचारायचा. नाकारण्यापेक्षा हे जास्त कष्टाचं काम आहे.

धर्मसंस्थाही कधी कधी हे काम नीट करतात, त्याचं श्रेय द्यायला हवं. फ्रान्समधल्या लूर्द इथे दरवर्षी लाखो लोक बरं व्हायला जातात. तिथे बरं झाल्याचा दावा डॉक्टरांसमोर मांडावा लागतो आणि ते डॉक्टर श्रद्धाळू असलेच पाहिजेत असं नाही. आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक होतं का, पुरतं होतं का, टिकलं का, दुसऱ्या उपचाराने झालं नाही ना, हे सगळं तपासलं जातं. हजारो दाव्यांतून चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले दीडशेहून अधिक वर्षांत जेमतेम सत्तरच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या बाबाच्या एका गुरुवारच्या दरबारात याहून जास्त होतात.

प्रार्थनेचीही चाचणी झाली आहे. २००६ साली अमेरिकेत १,८०२ बायपास रुग्णांचा अभ्यास छापून आला. ज्यांच्यासाठी परक्यांनी प्रार्थना केली त्यांच्यात ५२ टक्के जणांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, ज्यांच्यासाठी केली नाही त्यांच्यात ५१. या दोन्ही गटांना प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नव्हतं. "तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय" असं ज्यांना सांगितलं त्यांच्यात ५९. हा योगायोग असेल, किंवा आपलं प्रकरण देवापर्यंत न्यावं लागलंय या धास्तीने असेल. मला हा अभ्यास फारसा रुचत नाही. देव असलाच तर तो चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांना कशाला बांधील राहील? ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणूस हात जोडतो तो टक्केवारीसाठी नसतो. माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी मीही कौपिनेश्वराला गेलो होतो. भूल देणारे डॉक्टर कोण आहेत, हे मात्र आधी विचारून घेतलं होतं.

रामानुजन सांगायचे की सूत्रं त्यांना नामगिरी देवी देते. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांचा देवावर विश्वास नव्हता. त्या दोघांत देवीवरून भांडण झालं नाही, कारण हार्डी मागत होते ते सिद्धता. सूत्र कुठून सुचलं हा ज्याचा त्याचा प्रश्न, बरोबर आहे की नाही हा सगळ्यांचा. तुमच्या घरात दोन्ही नांदतील का, याचं माझं उत्तर साधारण असंच आहे. देवघरात काय चालतं यात मी पडत नाही. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली का, हे माझ्या तपासणीच्या टेबलावर येत नाही. पण "या दोऱ्याने साखर उतरते, गोळ्या बंद कर" असं कुणी म्हणालं की ते वाक्य देवघरातून उठून माझ्या टेबलावर आलं. मग त्याची साखर मोजणार. आणि हे काही पाश्चात्त्यांकडून आणलेलं खूळ नाही. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला हवा, हे तुकोबांनी आपल्याच भाषेत विचारून ठेवलंय.

मुरबाडला असताना उन्हाळ्या-पावसाळ्यात रात्री-अपरात्री सर्पदंश यायचे. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारीही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे भगताकडे गेलेल्यांतले बरेचसे काही न करताही जगणार. जगले ते वाडीभर सांगतात, गेले त्यांच्याबद्दल "वेळ भरली होती" असं म्हणतात. मण्यार मात्र या हिशेबात बसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, सूज नाही, फारसं दुखत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या उचलत नाहीत. एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे असा आणला होता. भगताकडून येताना अंगभर अंगारा, मनगटाला दोरा. बाप सारखं म्हणत होता, "डोळे मिटतोय म्हणजे गुण येतोय ना?" श्वास मंदावत चालला होता. प्रतिसर्पविष दिलं, नळी टाकली, फुगा दाबत दाबत कल्याण गाठलं. तो वाचला. दोरा त्याच्या मनगटावर होता, मी काढला नाही. बापाने पुढच्या महिन्यात मला आणि भगताला दोघांनाही कोंबडा दिला.

२०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदाही इथेच बोट ठेवतो. त्या वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर तो कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखणं आणि त्याऐवजी मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. देवाला हात जोडणं गुन्हा नाही. आणि खरं सांगायचं तर कायद्याहून जास्त काम कोकणात एका गोळीने केलं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासवरून १ टक्क्याच्या आसपास आणलं. विंचू उतरवणाऱ्यांना कुणी वादात हरवलं नाही. जवळ, वेळेवर, परवडेल असं औषध मिळायला लागलं तशी त्यांच्याकडची गर्दी ओसरली.

आपल्या भाषेनेच या दोन्हींचा समझोता कधीच करून ठेवलाय. पूर्वी अंगावर स्मॉलपॉक्सचा रोग आला की "देवी आल्या" म्हणत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. पुढे ती लस गावोगाव पोचली तेव्हा लोकांनी तिला काय म्हटलं? "देवी काढणं." टोचणाऱ्याला देवीचा डॉक्टर. माझ्या दंडावर त्याचे दोन वण आहेत, तुमच्या सासूबाईंच्याही असतील, नातवाला दाखवा. देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. त्या रोगाची देवी मानलेली केळव्याची शीतलादेवी मात्र जागच्या जागी आहे. जत्रा भरते, ओटी भरतात. तिला कुणी जा म्हटलं नाही.

तर नातवाला म्हणावं, आजीला खोटं पाडू नकोस, तिला विचार. किती दिवसांनी सुकलं? शेजारच्या कुणाला न मंतरता किती दिवसांत सुकलं होतं? आजी प्रामाणिक असेल तर दुसरं उत्तरही तीच देईल.

आणि सासूबाईंना तुम्ही एक विचारा. फोड गेलेल्या जागेवर परकराची नाडी आवळली की अजून चरचरतं का? चरचरत असेल तर घेऊन या. त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात, रात्री घ्यायच्या, गुंगी येते म्हणून कमी मात्रेने सुरू करायच्या. मधुमेह असेल तर शेवटचे रिपोर्ट सोबत आणा. मावशींनी दोरा बांधला असेल तर असू द्या.